‘खासबागेला जायचंय’: टॉन्सिलच्या एका ऑपरेशनचं प्रकरण

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला, राहायला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. घशाची तक्रार तशी नव्हतीच. रात्री जोरात घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, मध्येच श्वास अडकतो आणि मग दचकून मोठा श्वास घेतो, असं आई सांगत होती. मधली दोन वर्षं कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं होतं. शाळेतल्या बाईंचं म्हणणं होतं की हा वर्गात एकतर पेंगतो, नाहीतर एका जागी बसत नाही. जेवायला तास लावायचा. मटणाचा तुकडा चावून चावून शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. वजन 16 किलो.

तोंड उघडायला लावून टॉर्च मारला, तर दोन्ही टॉन्सिल मध्यभागी जवळजवळ एकमेकांना टेकलेले. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ॲडिनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठी, वाढलेले, हवेची वाट चिंचोळी. आईने झोपेतला व्हिडिओ मोबाइलवर करून आणला होता. त्यात पोट वरखाली होत होतं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि काही सेकंद आवाजच नाही. घोरणाऱ्या मुलाच्या आईला मी असा व्हिडिओ आवर्जून करायला सांगते. ओपीडीत खुर्चीवर पाय हलवत बसलेल्या जाग्या मुलाकडे बघून हे कळत नाही. दीड महिना नाकात स्टिरॉइडचा फवारा देऊन पाहिला. फरक पडला तो नावापुरता.

टॉन्सिल काढायची मुख्य कारणं दोन. एक वारंवार होणारा संसर्ग. त्याचे निकष अमेरिकेत पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांनी 1984 साली मांडले आणि आजही तेच धरले जातात: वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा नीट नोंद होईल इतका बिघडला पाहिजे. या मुलाचा घसा वर्षातून दोनदा धरायचा. त्या हिशेबाने ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. दुसरं कारण झोपेत श्वास अडकणं, आणि ते इथे उघड होतं. ऑपरेशन करावं असं मी सांगितलं. आईवडिलांना पटलं.

आबांना पटलं नाही. आबा म्हणजे मुलाचे आजोबा, साठी ओलांडलेले, तालमीत वाढलेले. आधीच्या भेटींत ते बाहेर बाकड्यावर बसून राहायचे. ऑपरेशनची तारीख ठरवायची म्हटल्यावर पहिल्यांदा आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “मॅडम, माझ्या नातवाच्या नरड्याला हात लावू द्यायचा न्हाई म्हंजे न्हाई.”

कायद्याने आईवडिलांची सही पुरते. मुलाच्या वडिलांनीही तेच सुचवलं, आबांना नंतर समजावू म्हणाले. मला ते बरोबर वाटलं नाही. आबांचं मन राखायचं होतं म्हणून नव्हे. मुलगा रोज झोपायचा तो आबांच्या शेजारी. श्वास अडकला की आबाच त्याला कुशीवर वळवायचे. ज्या माणसाच्या हातावर डोकं ठेवून पोरगं झोपतं, त्याच्या अंगातली भीती पोराला सांगावी लागत नाही. म्हणून आबांना एकटंच बोलावलं, दुपारच्या वेळी, ओपीडी संपल्यावर. तुमचं काय झालं होतं ते सांगा, एवढंच विचारलं.

गोष्ट 1966 च्या आसपासची. आबा तेव्हा नातवाएवढेच. थोरला भाऊ आठ वर्षांचा. सकाळी वडिलांनी दोघांना उठवलं, नवे सदरे घातले आणि सांगितलं, “खासबागेला जायचंय, कुस्ती बघाय.” कोल्हापुरातल्या पेठेतल्या पोराला याहून मोठं आमिष नव्हतं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, मधल्या हौद्यातली तांबडी माती, वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलेल्या जोडी. सकाळी कुठली कुस्ती, असा प्रश्न सहा वर्षांच्या मुलाला पडत नाही. पोटात काही नव्हतं. आल्यावर खायचं, असं आई म्हणाली होती. टांगा खासबागेकडे वळलाच नाही. एका दवाखान्याच्या दारात थांबला.

“बा म्हणाला, हितं जरा काम हाय. आन् एका बाईनं माझा हात धरला. मी मागं बघितलं, तर बा पाठ करून उभा.”

पुढचं आबांना तुकड्यातुकड्यांत आठवतं. उंच टेबल. पायांवर आडवा पडलेला एक माणूस. तोंडावर आणलेली तारेची जाळी, तिच्यावर कापड, आणि त्या कापडावर बाटलीतून टपटप पडणारं काहीतरी. वास. तो वास सांगताना आबांनी नाकाशी हात नेला. गुदमरलो, ओरडलो, वास आणखी आत गेला. मग कानात घणघण. त्यानंतर एकदम संध्याकाळ: लोखंडी खाट, उशीवर रक्त, आणि कावळ्याच्या रंगाची उलटी. शेजारच्या खाटेवर भाऊ. आईवडील दिसले ते दुसऱ्या दिवशी, भेटायच्या वेळेत. कुस्तीचा विषय कुणी काढला नाही.

“पुढं कधी बा म्हणाला, चल खासबागेला, तर मी दारातच उभा राहायचो. खरं का, म्हणून इचारायचो.”

आबांनी जे सांगितलं त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वैद्यकाच्या अंगाने जुळते, आणि तसं मी त्यांना सांगितलं. साठ वर्षं मनात धरलेली गोष्ट खरी होती, हे कुणीतरी त्यांना सांगणं मला फार गरजेचं वाटलं. ती जाळी म्हणजे शिमेलबुश मास्क. तारेच्या सांगाड्यावर गॉझ ताणायचा आणि त्यावर ईथर थेंबथेंब सोडायचं, ही पद्धत लहान दवाखान्यांत सर्रास होती. ईथर तसं सुरक्षित औषध. श्वास आणि नाडी सांभाळून घ्यायचं. पण ते घसा चरचरवतं, झोप हळूहळू लागते, आणि पूर्ण झोप लागण्याआधी रोगी झटापट करायला लागतो अशी एक अवस्था येते. म्हणून चार माणसं धरायची. गळा दाबतायत असं जे आबांना वाटलं ते त्या अवस्थेतलं. काळी उलटी गिळलेल्या रक्ताची. पोटातल्या आम्लाने रक्त काळं पडतं. कुणी विष पाजलं नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम उच्चारलं, कारण लहानपणी बरीच वर्षं त्यांची तीच समजूत होती.

आईवडिलांना का येऊ दिलं नाही? तेव्हाची समजूत अशी की आई दिसली की मूल रडतं, म्हणजे आई आल्याने त्रास होतो. मूल गप्प पडून राहिलं की ते रुळलं असं वॉर्डात धरलं जायचं. ब्रिटनमध्ये प्लॅट समितीने 1959 सालीच लिहून ठेवलं होतं की मुलांना भेटायला वेळेचं बंधन नको आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं. त्याच्याही आधी, 1945 मध्ये, डेव्हिड लेव्ही या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने ऑपरेशननंतर मुलांना लागणारी भीती आणि पडणारी वाईट स्वप्नं यांवर लिहिलं, आणि लढाईहून परतलेल्या सैनिकांच्या मनोवस्थेशी त्याची तुलना केली. कागदावर आलेलं हे शहाणपण आमच्याकडच्या वॉर्डांत यायला फार वर्षं लागली. काही ठिकाणी ते अजून पोचलेलं नाही.

बोलता बोलता आबांनी एक प्रश्न विचारला, त्याला मात्र माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. “माझं नरडं तरी दुखायचं. थोरल्याला काय बी न्हवतं. त्याचं का काढलं?”

आलाच आहे तर दोघांचंही उरकून घेऊ, या हिशेबाने. तेव्हा भावंडांचं असं एकत्र उरकलं जायचं. त्यांच्या भावाचे कागद आता मिळणं शक्य नाही, त्यामुळे त्याला गरज होती की नाही हे मी ठामपणे सांगू शकत नव्हते. पण तो काळ कसा होता हे दाखवणारी एक जुनी पाहणी मी त्यांना सांगितली. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शाळेतली अकरा वर्षांची एक हजार मुलं तपासली गेली. त्यांतल्या 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 जणांना डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी 174 जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना गरज नाही म्हटलं त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर त्यांतल्याही जवळपास निम्म्यांना ऑपरेशन सांगण्यात आलं. तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच. तीन फेऱ्यांनंतर ऑपरेशन न सांगितलेली मुलं उरली 65. घशात टॉन्सिल दिसले की काढा, असा तो जमाना होता. हे ऐकून आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग आता तुमी म्हणताय ते तरी खरं कशावरनं?”

प्रश्न रास्त होता. मी आईने आणलेला व्हिडिओ लावला. आबांनी तो पाहिलेला नव्हता. ते रोज अंधारात फक्त आवाज ऐकायचे. छाती आत जाते आहे आणि आवाज बंद आहे, ती जागा आली तेव्हा त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि परत लावायला सांगितली. तिसऱ्यांदा बघून फोन टेबलावर ठेवला. एकच अट घातली: “पोराला खोटं सांगायचं न्हाई. त्याच्या आईनं बी न्हाई, तुमी बी न्हाई.”

मान्य होण्यासारखीच अट होती. ऑपरेशनच्या पाचेक दिवस आधी मुलाला बोलावून सगळं सांगितलं. फार आधी सांगितलं तर या वयाची मुलं दिवस मोजत घाबरतात, आणि आदल्या रात्री सांगितलं तर प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. घशात दोन गाठी मोठ्या झाल्यात, त्या श्वास अडवतात, त्या तोंडातूनच काढायच्या, बाहेरून गळ्याला काहीही करायचं नाही. झोपेच्या औषधाची झोप घरच्या झोपेसारखी नसते, काम संपेपर्यंत जाग येत नाही. उठल्यावर घसा दुखेल. बरेच दिवस दुखेल. औषध देऊ, त्याने कमी होईल, पूर्ण जाणार नाही. झोप लागेपर्यंत आई तुझ्याजवळ.

दुखेल हे सांगताना त्याची आई चुळबुळली. मुलाने मात्र लगेच पुढचं विचारलं. काढलेल्या गाठी कुठे टाकता? आणि घोरायचं बंद झालं तर मी झोपलोय हे आबांना कळणार कसं?

भूलतज्ज्ञांनी त्याला पारदर्शक प्लॅस्टिकचा मास्क घरी खेळायला दिला. त्याने तो आईला लावला, आज्जीला लावला. आबांनी तोंड बाजूला केलं, मग स्वतःच परत पुढे केलं. हे मला सुनेने सांगितलं.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीत एक अडचण निघाली. वरचा पुढचा एक दुधाचा दात हलत होता. टॉन्सिलच्या ऑपरेशनला तोंड उघडं धरायला बॉइल-डेव्हिस नावाचं लोखंडी उपकरण लावतात. हलणारा दात निखळून श्वासनलिकेत गेला तर भलतंच होऊन बसेल. त्यामुळे झोप लागल्यावर दात आम्ही काढू, हेही मुलाला आधी सांगावं लागलं. त्याला टॉन्सिलपेक्षा दाताची काळजी जास्त. दात कौलावर टाकायचा असतो, तो तुम्ही ठेवून घेणार नाही ना, असं त्याने दोनदा विचारून घेतलं. लघवीच्या नमुन्याच्या नव्या डबीवर त्याचं नाव लिहून डबी त्याच्याच हातात दिली.

सकाळची पहिली केस त्याची ठेवली. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. पूर्वी लेकरांना रात्रीपासून थेंबभर पाणी मिळायचं नाही. कोरड्या घशाने रडणारं मूल घेऊन ऑपरेशन सुरू करण्यात कुणाचंच भलं नसतं. आई गाऊन-टोपी घालून आत आली. मास्कला आतून व्हॅनिला इसेन्स लावलेला. मास्क मुलाने स्वतःच्या हाताने धरला. आता वापरतात ते सेव्होफ्लुरेन घसा चरचरवत नाही आणि झोप मिनिटा-दीड मिनिटात लागते. मधे एकदा त्याने पाय झाडले. तसं होतं हे आईला आधी सांगितलेलं होतं. हात ढिला पडल्यावर ती बाहेर गेली. कुणी त्याला धरलं नाही.

ऑपरेशन साधंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही टॉन्सिल आणि ॲडिनॉइड्स काढले, रक्तस्राव मोजका.

कठीण वेळ आली ती नंतर. सेव्होफ्लुरेनवरून उठताना काही मुलं भान नसल्यासारखी किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हा मुलगाही तसाच उठला. रिकव्हरीतला तो आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. आबा उठून दारापाशी आले. त्यांना हे आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि कानावर आलेलं यात अंतर असतंच. सिस्टरने दार उघडून त्यांना दारातच उभं राहू दिलं. आत आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. पंधराएक मिनिटांत तो शांत झाला आणि पुन्हा झोपला. आबा तोवर दाराची चौकट धरून उभे होते.

संध्याकाळी आईस्क्रीमवरून घरात वाद. आज्जीचं म्हणणं, थंडाने घसा धरेल, गरम पाणी द्या. खरं उलट आहे. पहिले दिवस थंड आणि मऊ ते चांगलं, गरम आणि तिखट टाळायचं. पांढरा रस्सासुद्धा नको, त्यात मिरी असते. वेळेवर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, मूल रडायची वाट न बघता. कोडीन आता लहान मुलांना देत नाहीत. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ते देऊ नये असा कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये निर्बंध आणखी वाढवले.

घरचा आठवडा अवघड गेला, तो तसाच जातो. चौथ्या दिवशी कान दुखतो म्हणून रडला. कान ठीकच होते. घशाची आणि कानाची काही संवेदना एकाच नसेतून जाते, म्हणून घशाचं दुखणं कानात जाणवतं. घशात पांढरा थर दिसला तेव्हा आईने पू झाला समजून फोन केला. तो जखम भरतानाचा थर, त्याला हात लावायचा नसतो. सातव्या रात्री दोनच्या सुमाराला थुंकीत लाल रेघ आली. पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान तो थर सुटताना शंभरातल्या दोन-तीन मुलांना असं होतं, आणि रक्त ताजं असेल तर कितीही थोडं असलं तरी सकाळची वाट बघायची नाही, हे कागदावर लिहून दिलेलं होतं. कागद आबांनी देव्हाऱ्याजवळ लावला होता. मुलाला उठवून, अंगावर शाल टाकून, रिक्षा करून तेच घेऊन आले. आम्ही घसा बघितला. रक्त थांबलेलं होतं. हाताला पुन्हा सुई लावून सलाईन दिलं, रात्रभर लक्ष ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. रात्रभर खाटेशेजारी आबा बसले. उठून जा म्हणायला कुणी गेलं नाही.

घोरणं पहिल्या महिन्यातच थांबलं. अंथरूण हळूहळू कोरडं झालं. वजन वाढलं, मटण खायला लागला. शाळेतल्या मार्कांबद्दल मी कसलंच आश्वासन दिलं नव्हतं. या विषयावरच्या 2013 सालच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, 464 मुलांमध्ये, ऑपरेशनने झोप आणि रोजचं वागणं सुधारलं, पण लक्ष देण्याच्या चाचणीतले गुण थांबून वाट बघितलेल्या मुलांपेक्षा फारसे वाढले नाहीत. पेंगणं गेलं, एवढं बाईंनी कळवलं.

वर्षाने तपासणीला आले तेव्हा मुलाला विचारलं, काय काय आठवतं? व्हॅनिलाचा वास आठवत होता. डबीतला दात आठवत होता, आणि घरावर आता कौलं नसल्याने तो आबांनी शेजारच्यांच्या कौलांवर टाकला, तेही. उठताना किंचाळल्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आई सांगायला लागली तर त्याचा विश्वास बसेना. आबांना मात्र ती पंधरा मिनिटं पाठ आहेत. स्वतःच्या ऑपरेशनबद्दल ते म्हणाले, “माझं झालं ते तसंच हाय मॅडम. त्यो वास आजून येतो.” थोरल्या भावाला त्यांनी न्यूयॉर्कची पाहणी सांगितली. तो दोन दिवस रागातच होता म्हणे.

सगळ्यात वाईट काय वाटलं, हेही मुलाला विचारलं. घसा म्हणेल असं मला वाटत होतं. त्याने डाव्या हाताची मागची बाजू पुढे केली. सुई काढताना सिस्टरनी चिकटपट्टी एका झटक्यात ओढली होती. “ते कुणी सांगितलंच नव्हतं,” म्हणाला. आता आमच्या वॉर्डात मुलांच्या हातावरची पट्टी आधी खोबरेल तेल लावून, सुटत येईपर्यंत थांबून काढतात, आणि काढण्याआधी मुलाला सांगतात.